आवाज जुळला, सिलिंडर नाही: राजदूत ३५०च्या दोन कार्बोरेटरांचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९८६ची राजदूत ३५०, मूळच्या यामाहा आरडी ३५०चा एस्कॉर्ट्सने भारतात बनवलेला अवतार. ३४७ सीसी, एअरकूल्ड, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारा), स्वतःचा रीड व्हॉल्व्ह (मिश्रण फक्त आत जाऊ देणारी पात्यांची झडप), स्वतःचे पॉइंट (ठिणगी वेळेवर पाडणारे) आणि स्वतःचा सायलेन्सर. एका चौकटीत बसवलेली दोन इंजिनं म्हणायला हरकत नाही. पुढे जे काही घडलं ते या एका गोष्टीतून घडलं.

मालक मुलुंड पूर्वेला राहतो. गाडी सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभी असते. हत्यारं घरची, काम रविवारी. जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवलेली होती. टाकीत निम्मं पेट्रोल होतं आणि दोन्ही कार्बोरेटरच्या वाडग्यांतही (पेट्रोल साठतं त्या खालच्या वाट्यांत) पेट्रोल तसंच राहिलं होतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. मुंबईच्या पावसाळ्यात चार महिने असं पेट्रोल वाडग्यात राहिलं की काय होतं, हे जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना आता चांगलंच ठाऊक झालं आहे: जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी भोकावर) हिरवट खार, वाडग्याच्या तळाशी पांढरी भुकटी, फुगलेली रबरं.

ऑक्टोबरात गाडी सुरू झाली, पण एकाच सिलिंडरवर. मालकाने कार्बोरेटर उघडून साफ केले आणि दोन्ही सिलिंडर चालू झाले. खरा त्रास तिथून पुढे सुरू झाला.

तक्रार

तीन लक्षणं होती.

पहिलं, गाडी रेस धरायची. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम काटा तीन हजारावर चार-पाच सेकंद थांबायचा आणि मग सावकाश खाली यायचा.

दुसरं, पाव थ्रॉटलला झटके. ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरला गाडी हिसके द्यायची. मोकळ्या रस्त्यावर, अर्ध्या थ्रॉटलच्या वर, ती जवळजवळ ठीक चालायची.

तिसरं, प्लगचे रंग. उजवा प्लग चॉकलेटी, म्हणजे ठीक; डावा फिकट, जवळजवळ पांढरा, म्हणजे मिश्रण पातळ, पेट्रोल कमी आणि हवा जास्त.

मालकाने निदान केलं की कार्बोरेटर जुळलेले नाहीत. म्हणून त्याने ते जुळवले. दोन्ही सायलेन्सरमागे हात धरून धुराचे ठोके आणि आवाज सारखे लागेपर्यंत स्लो स्क्रू (थ्रॉटल सोडल्यावरचा आरपीएम ठरवणारे) आणि बाकीच्या जागा फिरवल्या. आठवड्याने परत बिघडलं, परत जुळवलं. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मोजलेल्या जागा अशा होत्या: डावा एअर स्क्रू अर्धा फेरा उघडा, उजवा दोन फेरे. डावी स्लाइड (मूठ फिरवली की वर उचलली जाणारी, हवेची वाट उघडणारी झडप) उजवीपेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर वर. डाव्या नीडलची (स्लाइडला लटकणाऱ्या, पेट्रोल नियंत्रित करणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच खाली, म्हणजे नीडल एक खाच वर.

हे आकडे नीट पाहावेत, कारण निदान त्यांच्यातच होतं. या कार्बोरेटरात एअर स्क्रू आत घेतला की हवा कमी होते आणि मिश्रण जाड होतं. नीडल वर केली की पेट्रोल वाढतं. म्हणजे मालकाने डाव्या बाजूला दोन ठिकाणांहून पेट्रोल वाढवलं होतं आणि स्लाइडही वर उचलली होती, तरी डावा प्लग पांढराच होता. एकाच साच्यातले, एकाच जेटचे दोन कार्बोरेटर इतक्या वेगळ्या जागांवर येऊन सारखे वाजत असतील, तर दोष बहुधा कार्बोरेटरात नसतो. कुठून तरी जास्तीची हवा आत जात असते आणि स्क्रू फिरवून आपण ती झाकत असतो.

टू-स्ट्रोकमध्ये हे झाकणं महागात पडतं. मिश्रण पातळ झालं की ज्वलनाची उष्णता पिस्टनच्या डोक्यावर साठते. एअरकूल्ड इंजिनात ती वाहून न्यायला पाणी नसतं, आणि इथे आत येणाऱ्या पेट्रोलवरच पिस्टन बऱ्याच अंशी थंड राहतो. त्यात ई-२०ची, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भर. शुद्ध पेट्रोलला वजनी साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, म्हणून ई-२०ला सुमारे १३.५. चाळीस वर्षांपूर्वी शुद्ध पेट्रोलसाठी ठरवलेल्या जेटवर ही गाडी मुळातच सात-आठ टक्के पातळ चालते. वरून गळती असेल तर डावा पिस्टन चिकटायला पूर्व द्रुतगती मार्गावरची एक लांब धाव पुरते.

समोरचे पर्याय

मालकाने गाडी भांडुपच्या एका जुन्या मेस्त्रींना दाखवली. त्यांनी रेस धरते हे ऐकलं, डावा प्लग पाहिला आणि सांगितलं, "साहेब, डाव्या बाजूचं क्रँक सील गेलंय. इंजिन उतरवावं लागेल."

हा अंदाज वावगा नव्हता. क्रँक सील म्हणजे क्रँकच्या टोकाशी हवा-ऑइल अडवणारं रबर. या इंजिनात क्लच उजव्या बाजूला आहे. उजवं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत खेचलं जातं आणि पांढरा धूर सुटतो. डाव्या बाजूला अल्टरनेटर आणि पॉइंट, म्हणजे कोरडी बाजू. तिथलं सील गेलं तर नुसती हवा आत जाते, धूर येत नाही, मिश्रण पातळ होतं आणि गाडी रेस धरते. लक्षणं जुळत होती. पण हीच लक्षणं आणखी तीन-चार दोषांचीही असतात आणि मेस्त्रींनी मोजलं काहीच नव्हतं.

दुसरा पर्याय मालकाच्या मनात होता: व्हॅक्यूम गेज आणायचे आणि या वेळी कार्बोरेटर "शास्त्रशुद्ध" जुळवायचे. चार-स्ट्रोकच्या दोन किंवा चार कार्बोरेटरना ती पद्धत उत्तम आहे, तिथे इनटेकमध्ये मोजण्याजोगा स्थिर व्हॅक्यूम मिळतो. या गाडीत मात्र हवा आधी क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या पेटीत) ओढली जाते, मध्ये रीडच्या पात्या फडफडत असतात आणि स्लोवर गेजचा काटा नुसता थरथरतो. शिवाय गेजची नळी जोडायला या मॅनिफोल्डला तोटी नाही, भोक पाडावं लागलं असतं. चांगल्या मॅनिफोल्डला भोक पाडणं म्हणजे पुढच्या गळतीची सोय. हा पर्याय सोडला ते बरं झालं. या गाडीत कार्बोरेटर जुळवताना स्लाइडची उंचीच मोजायची असते.

तिसरा पर्याय दोन्ही कार्बोरेटर बदलण्याचा. बाजारात नकली जोड्या मिळतात, पण दोन नकली कार्बोरेटरचे अंतर्गत मार्ग एकमेकांशी जुळतील याची खात्री कुणी देत नाही. जुने अस्सल कार्बोरेटर स्लाइड खरवडलेली नसेल तर कधीही टाकू नयेत.

चौथा पर्याय सगळ्यात स्वस्त होता आणि शेवटी तोच घेतला: स्क्रूला हात न लावता आधी कार्बोरेटरबाहेरचं सगळं तपासायचं.

तपासणी

पहिल्या दिवशी इंजिनही सुरू केलं नाही.

कॉम्प्रेशन: थ्रॉटल पूर्ण उघडा, दोन्ही प्लग काढलेले आणि त्यांच्या कॅप अर्थ केलेल्या, प्रत्येकी सात-आठ किक. उजवा १२०, डावा ११५ पीएसआय. दोघांत दहा टक्क्यांहून कमी फरक म्हणजे पिस्टन-रिंगांची काळजी मिटली.

पॉइंट: गॅप ०.३ ते ०.४ मिमी हवी. डाव्याची ०.३५ होती, उजव्याची वाढून ०.५ झाली होती. गॅप वाढली की ठिणगी आधी पडते, म्हणजे उजव्याचं टायमिंगही सरकलं होतं. गॅप लावून प्लगच्या भोकात डायल गेज घालून दोन्ही टायमिंग पुन्हा बसवली. हे काम कार्बोरेटरच्या आधीच करावं. टायमिंग वेगळं असलेले दोन सिलिंडर कार्बोरेटरने सारखे करायला गेलात तर दोन्ही चुकतात.

मग गळतीची चाचणी. इथे घरचं बीपी मोजण्याचं जुनं डायलवालं यंत्र कामी आलं. त्याचा काटा ३०० मिमी पाऱ्यापर्यंत जातो, म्हणजे साधारण ५.८ पीएसआय. टू-स्ट्रोक इंजिनाला सहा पीएसआयच्या आसपास दाब देऊन सहा मिनिटं पाहतात. त्याहून जास्त दिला तर चांगलं सीलही जागेवरून सरकू शकतं, आणि सायकलचा पंप जोडला की तेच होतं. बीपीचा फुगा त्या मर्यादेतच राहतो, म्हणून तो या कामाला पंपापेक्षा बरा.

जोडणी अशी केली. डाव्या बाजूचा सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टवर सायकल ट्यूबचा दुहेरी तुकडा ठेवला आणि त्यावर ॲल्युमिनियमची जाड पट्टी आवळली. कार्बोरेटर काढून इनटेक रबराच्या तोंडात पीव्हीसीचं बूच क्लिपने बसवलं. बुचाला भोक पाडून सायकलचा व्हॉल्व्ह घातला (आतली पिन काढून) आणि त्यावर बीपीची नळी चढवली. प्लग जागेवर, पिस्टन तळाला. रबरशीट आणि बुचं नागदेवी स्ट्रीटवर सुटी मिळतात.

उजवी बाजू: ३००वरून सहा मिनिटांत २८०. उत्तम.

डावी बाजू: ३००वरून चाळीस सेकंदांत १००च्या खाली.

हवा जात होती हे कळलं, आता कुठून ते पाहायचं होतं. भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावलं: हेडचा सांधा, सिलिंडरचा तळ, रीड ब्लॉकची गॅस्केट, ऑइलची नळी शिरते ती जागा, अल्टरनेटरचं झाकण काढून डावं क्रँक सील. सीलवर एकही बुडबुडा आला नाही. बुडबुडे आले ते इनटेक रबराच्या खालच्या अंगाला, फ्लँजला चिकटलेल्या जागी. वरून रबर धडधाकट दिसत होतं. काढून उलट वाकवल्यावर जवळजवळ अर्ध्या घेराची चीर उघडली. कधीतरी कुणीतरी तिच्यावर बाहेरून सिलिकॉन फासलं होतं आणि पेट्रोलने त्याचा चिकट लगदा झाला होता.

इंजिन उतरवायची गरज नव्हती.

दुरुस्ती

रबर ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळालं. नवं रबर घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. बोटांनी वाकवा: टणक, प्लास्टिकसारखं लागलं तर ते वर्षभरात चिरेल. धातूची फ्लँज काचेवर ठेवून फीलर गेजची सगळ्यात पातळ पाती खाली जाते का ते बघा. जात असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज घासून सपाट करा. गॅस्केट नवी. सिलिकॉन अजिबात नको.

नवं रबर लावून परत दाब दिला: सहा मिनिटांत ३०० वरून २८५.

आता कार्बोरेटर. पहिल्या वेळी मालकाने ते वरवर साफ केले होते. या वेळी पूर्ण उघडले. स्क्रू जपानी घडणीचे असतात, साधा चौफुली स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खाचा खातो, म्हणून जेआयएस (जपानी मापाच्या) टोकाचा वापरावा. क्लीनरचा स्प्रे मारण्याआधी सगळी रबरं काढून ठेवली आणि डोळ्यांवर चष्मा घातला. डाव्या स्लो जेटमधून उजेड दिसत होता, पण भोक गोल नव्हतं, कडेला खार होता. तारेने टोकरू नये, पितळ मऊ असतं. विजेच्या वायरीतला तांब्याचा एकच धागा काढून फिरवला, तो पितळेहून मऊ असतो. मग एअर स्क्रूच्या भोकातून स्प्रे मारून पाहिलं: स्लाइडखालच्या सगळ्या बारीक छिद्रांतून धार यायला हवी. डावीकडे एका छिद्रातून ती येत नव्हती. दोन तास क्लीनरमध्ये भिजवून, पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरच्या हवेने ते मोकळं झालं. फ्लोटच्या सुयांची टोकं फुगली होती, दोन्ही बदलल्या. फ्लोटची उंची दोन्हीकडे मॅन्युअलप्रमाणे एकसारखी केली.

दोन्ही नीडल मूळ खाचेत, दोन्ही एअर स्क्रू दीड फेरा. मेन जेट मात्र ई-२०साठी दोन्हीकडे एकेक पायरी मोठा. शंका असेल तर थोडं जाडच ठेवावं, फार तर प्लग काळे होतील.

जुळवणी

ही जुळवणी तीन पायऱ्यांत होते आणि क्रम बदलला की सगळं परत करावं लागतं.

आधी केबल, इंजिन बंद ठेवून. या गाडीत मुठीपासून एक केबल येते आणि एका डबीत तिचे तीन फाटे होतात: दोन कार्बोरेटरकडे, एक ऑइल पंपाकडे. एअर फिल्टरकडचे रबर काढले, म्हणजे मागून स्लाइड दिसतात. दोन्ही स्लो स्क्रू पूर्ण मागे घेतले, स्लाइड तळाला. मूठ हळू फिरवत दोन्ही हातांची... खरं तर मूठ दुसऱ्याने फिरवायची आणि आपली एकेक तर्जनी दोन्ही स्लाइडना टेकवायची. अर्ध्या मिलिमीटरचा फरक बोटाला कळतो. इथे डावी आधी उठत होती. कार्बोरेटरच्या टोपीवरच्या ॲडजस्टरने दोन्ही एकाच क्षणी उठतील असं केलं. मग दोन मिलिमीटरची दोन ड्रिल बिटं घेऊन त्यांच्या गुळगुळीत दांड्या दोन्ही स्लाइडखाली सरकवल्या आणि मूठ हळूहळू सोडली. दोन्ही दांड्या एकाच वेळी, सारख्या घट्टपणे धरल्या जायला हव्यात. शेवटी मूठ पूर्ण उघडून दोन्ही स्लाइडच्या कडा नळीच्या वर सारख्या जातात का ते पाहिलं. प्रत्येक केबलला सुमारे एक मिलिमीटर ढील ठेवली आणि लॉकनट कसले.

मग ऑइल पंप. कार्बोरेटरची केबल हलवली की पंपाचं नातं बदलतं, आणि घरी काम करणारे सगळ्यात जास्त विसरतात ते हेच. पंपाच्या पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या थ्रॉटलच्या स्थितीत पिनसमोर यायला हवी. ती मागे राहिली तर इंजिनाला ऑइल कमी पडतं, आणि कार्बोरेटर कितीही सुंदर जुळलेले असले तरी पिस्टन चिकटतो.

शेवटी स्लो, गरम इंजिनावर. दहा मिनिटं गाडी फिरवून आणली. पार्किंगच्या उघड्या बाजूला, मीटरबॉक्सपासून लांब, तोंड बाहेर करून उभी केली. पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते आणि एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड स्टिल्टखाली अडकतो. उभ्या एअरकूल्ड इंजिनाला वाराही लागत नाही, म्हणून समोर दोन मीटरवर टेबलफॅन, आणि एका वेळी दोन-तीन मिनिटांहून जास्त नाही. तेवढ्यातही पहिल्या मजल्यावरून हाक आली: "अहो, किती वेळ अजून? धूर सगळा आत येतोय." सोसायटीत हे काम करायचं तर आधी सांगून ठेवलेलं बरं.

उजव्या प्लगची कॅप काढून तिच्यात जुना प्लग बसवला आणि तो हेडच्या फिनला टेकवून ठेवला. लोंबकळती कॅप कॉइल मारते. एकट्या डाव्यावर इंजिन जेमतेम हजार आरपीएमवर तग धरेल इतका डावा स्लो स्क्रू लावला. मग उलट, एकट्या उजव्यावर तोच काटा. दोन्ही कॅप लावल्यावर आरपीएम अर्थातच वर गेला, तेव्हा दोन्ही स्क्रू पाव-पाव फेरा एकत्र सोडत १२५०वर आणला. एअर स्क्रू एकेक करून आरपीएम सर्वांत वर जाईल तिथे थांबवला: डावा दीड, उजवा एक आणि पाच अष्टमांश. हँडल दोन्ही टोकांना वळवून पाहिलं, स्लो बदलला नाही, म्हणजे केबल कुठे ताणत नव्हती.

परिणाम

गाडीने रेस धरणं त्याच दिवशी थांबलं. पाव थ्रॉटलचे झटके जवळजवळ गेले. जे किंचित उरले ते या इंजिनाचे स्वभावाचे आहेत आणि त्यांच्यामागे लागू नये. रविवारी पहाटे ऐरोलीपर्यंतच्या फेऱ्यांनंतर दोन्ही प्लग सारखे चॉकलेटी निघाले. प्लगचा रंग पाहण्यासाठी पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करून गाडी कडेला घेण्याची जुनी पद्धत मुद्दाम टाळली, मुंबईच्या कुठल्याही महामार्गावर ते जीवावर बेतू शकतं. अर्ध्या थ्रॉटलवर सलग धाव आणि सर्व्हिस रोडला उतरल्यावर लगेच इंजिन बंद, एवढ्यावर भागवलं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच जुळवणीनंतर एअर स्क्रूचे फेरे लिहून ठेवले असते तर अर्धा विरुद्ध दोन हा फरक तेव्हाच दिसला असता. मालकाने तीनही वेळा कानावर काम केलं. दोन सायलेन्सरचा आवाज सारखा करणं सोपं आहे, आतलं मिश्रण कानाला कळत नाही.

मेस्त्रींना नुसतं "रेस धरते" सांगण्याऐवजी दाब-चाचणी करून द्याल का, असं विचारता आलं असतं. बरेच जण करतातही, कुणी मागत नाही म्हणून ती होत नाही.

पावसाळ्याआधी वाडगे रिकामे करायला दहा मिनिटं लागतात: पेट्रोलचा कॉक बंद करायचा, वाडगे उघडून पुसून परत लावायचे. टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे वर दमट हवेला जागा उरत नाही.

एक निर्णय मात्र तेव्हाही चुकीचा वाटत होता. उजवं इनटेक रबर चाचणीत पास झालं म्हणून मालकाने ते ठेवलं. दोन्ही रबरं एकाच वयाची होती आणि एकाच पेट्रोलवर जगली होती. मार्चमध्ये उजवा प्लग फिकट दिसू लागला. या वेळी त्याने स्क्रूला हात लावला नाही, आधी बीपीचं यंत्र काढलं. ३००वरून दोन मिनिटांत १५०. चीर याही रबराला खालच्याच अंगाला होती.